दहाचे वीस

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, जागा आहे. या गोष्टीतले आवाज फार बारीक आहेत, लांबून ऐकू यायचे नाहीत. बिडावरून, म्हणजे ओतीव लोखंडावरून, कापायचं टूल सरकताना होणारी खरखर, मायक्रोमीटरची टकटक आणि शेवटी एक फुंकर, एवढेच. एका घरातला एक रविवार सांगायचा आहे, सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंतचा. तेवढ्या वेळात एक भोक बिघडलं, एक सोफा घराबाहेर पडला आणि एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा ते हँडल हातात धरलं, जे तिच्यापासून हातभर अंतरावर तीस वर्षं फिरत होतं. ऐका, देव तुमचं भलं करो.

बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते. मागच्या खोलीतली त्यांची लेथ मात्र होती तिथेच होती, कमरेएवढ्या लाकडी बाकावर, खिडकीच्या उजेडात. पट्ट्यावर चालणारी जुनी मशीन, बाबांपेक्षा वयाने मोठी. नोकरीवरून आले की ते त्या खोलीत शिरायचे आणि जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसला की बाहेर यायचे. छोटी वाफेची एंजिनं करायचे, तळहातावर मावतील अशी. सहा पूर्ण झाली. सातवं अर्धं राहिलं.

सातव्या एंजिनाला त्यांनी एक अट घातली होती. ते पंपाने नाही, माणसाच्या फुंकरीवर फिरलं पाहिजे. पंपाने काय, दगडही फिरेल, असं ते म्हणायचे. फुंकरीवर फिरायचं तर सिलिंडरच्या भोकात पिस्टन असा बसायला हवा की तो अडणार नाही आणि त्याच्या कडेने वाराही निसटणार नाही. पिस्टन त्यांनी करून ठेवला होता, आरशासारखा, चष्म्याच्या जुन्या डबीत मखमलीवर. सिलिंडरचं भोक वीस मिलीमीटरचं करायचं होतं. ते मिलीमीटरच्या वीस शतांशांनी लहान असताना त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी मशीन थांबवली, जॉब, म्हणजे तो सिलिंडर, मशीनच्या पकडीत, चकमध्ये, तसाच ठेवला, वर कापड टाकलं. तो कापडाखाली राहिला आणि ते गेले.

आता आईचे गुडघे. तिची खोली वर, मध्ये अकरा पायऱ्या. फोरमनचं म्हणणं सरळ होतं की मागची खोली रिकामी करू आणि आईला खाली आणू. फोरमन म्हणजे थोरला मुलगा. मोठ्या कारखान्यात फोरमन होता, म्हणून घरातही त्याला सगळे फोरमनच म्हणत, बायकोसुद्धा, पण त्याच्या पाठीमागे. तंत्रशाळेच्या मास्तरांशी त्याचं बोलणं झालं होतं. रविवारी चार वाजता टेम्पो येणार, लेथ मुलांना शिकायला जाणार. चांगलं काम होतं, पुण्याचं होतं, कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती.

धाकट्या बहिणीने तरीही ठेवली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. लहानपणापासून बाबांच्या शेजारी उभी राहून मापं वाचायची, म्हणून बाबांनी तिचं नाव मापाडी ठेवलं. पुढे बाबांची नजर मंदावली तेव्हा तर तीच त्यांचे डोळे झाली. दर रविवारी यायची, माप घ्यायची, आकडा सांगायची. हँडल मात्र बाबांच्या हातात. मापाडीचं म्हणणं, आईला पुढची खोली द्या. पण पुढच्या खोलीत फोरमनचा सोफा होता. कोपऱ्यात वळणारा, सात माणसं बसतील एवढा. तो आणताना खिडकीची चौकट काढावी लागली होती. फोरमन त्यावर आडवा होऊन पेपर वाचायचा आणि त्या विषयावर त्याला कुणी काही बोलत नसे.

दोघांची महिनाभर धुसफूस चालली. शेवटी आईनेच निवाडा दिला, "रविवारी चारच्या आत सातवं एंजिन फुंकरीवर फिरलं तर लेथ जागची हलणार नाही. नाही फिरलं तर जाईल, आणि मग मला दोघांचाही एक शब्द ऐकायचा नाही."

मापाडी आठाच्या ठोक्याला हजर झाली. खोलीत शिरली आणि दारातच थबकली. लेथ लखलखत होती. वहिनीने, फोरमनच्या बायकोने, तीन दिवस खपून तिचा कोपरान् कोपरा रॉकेलने पुसला होता. फक्त कापडाखालच्या जॉबला तिने हात लावला नव्हता.

मापाडीने बाह्या वर केल्या आणि हँडलकडे हात नेला. फोरमन मध्ये आला. म्हणाला, "तू आकडा वाच. हँडल मी धरतो."

हुबेहूब बाबांचे शब्द. मापाडीला आतून काहीतरी टोचलं, पण ती बाजूला झाली. याचं खरं कारण दादाचा मान हे नव्हतं. सिलिंडरचं ते बिडाचं ओतीव एकच होतं, ज्या भट्टीतून ते आलं ती कधीच बंद झाली होती, आणि ते आपल्या हातून बिघडलं तर, या विचाराने ती भ्यायली होती. भ्यायलेल्या माणसाला मान देणं सोपं जातं.

तिने भोकाचं माप घेतलं. एकोणीस पूर्णांक ऐंशी. पुन्हा घेतलं, तेवढंच.

"अजून वीस शतांश हवेत," ती म्हणाली.

फोरमनने हँडलवरच्या चकतीच्या वीस रेघा मोजून फिरवल्या. एक रेघ म्हणजे एक शतांश. हात अगदी ठाम, कारखान्यात मुरलेला. बाबांची शिस्त त्याला ठाऊक होती, शेवटचा कट एकच आणि न थांबता. त्याने पट्टा चालू केला. टूल भोकात शिरलं, खरखर सुरू झाली, बिडाचा काळा कीस भुरभुरत खाली पडू लागला. आवाज एकसारखा होता. दोघंही त्या आवाजात क्षणभर सगळं विसरली. टूल बाहेर आलं, मशीन थांबली.

मापाडीने माप घेतलं. मग पुसून पुन्हा घेतलं. मग मायक्रोमीटर बाजूला ठेवून स्वतःचा चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा घेतलं.

"वीस पूर्णांक वीस," ती म्हणाली.

चूक कुठे झाली ते दोघांनाही एकाच वेळी कळलं. ती तुम्हालाही कळायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. त्या जुन्या लेथची चकती टूल किती सरकलं तेवढंच सांगते. टूल एका बाजूने दहा सरकलं की भोक मात्र वीसने वाढतं, कारण जॉब गोल फिरतो आणि दोन्हीकडून खरवडला जातो. फोरमनच्या कारखान्यातल्या मशीनवरच्या चकत्या ही दुप्पट आधीच धरून आखलेल्या. तिथे वीस हवेत तर वीसच फिरवायचे. इथे वीस हवेत तर दहा. म्हणून बाबांनी लेथच्या कपाळावर, अगदी डोळ्यांसमोर, एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. दोनच शब्द. दहाचे वीस. दोन्ही पोरं ती वाचत मोठी झाली होती.

फोरमनने मान वर केली. मशीनचं कपाळ लखलखत होतं, कोरं.

"इथली चिठ्ठी कुठे गेली?"

वहिनी चहा घेऊन दारात आली होती. तिने तो प्रश्न ऐकला, दोघांचे चेहरे पाहिले आणि काय झालं असेल ते तिला अर्धंमुर्धं उमगलं. चिठ्ठी तिनेच काढली होती. रॉकेलात भिजवून, नखाने खरवडून. सासऱ्यांची वस्तू परक्याच्या घरी जाणार तर कळकट जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. आता गप्प राहिली असती तर कुणाला समजलं नसतं. इतक्या वर्षांत कागद आपोआपही गळून पडतो. हातातला ट्रे तिने बाकाच्या टोकावर ठेवला.

"मी काढली," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरांनी कधीतरी चिकटवलेला पाढा असेल."

फोरमन तिच्यावर उखडला. विचारल्याशिवाय हात लावायची सवय, नको तिथे स्वच्छता, असं बरंच काही. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. आणि मग मापाडी, जिचं या वहिनीशी गेली दोन वर्षं कामापुरतंच बोलणं होतं, ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तिला कशाला बोलतोस, दादा. चिठ्ठी असती तरी मी वीसच म्हणाले असते. बाबांना मी नेहमी भोकाचा आकडा सांगायचे, अर्धा ते मनात करायचे. तो अर्धा माझ्या तोंडात कधी आलाच नाही. तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

फोरमन स्टुलावर बसला. कारखान्यात पन्नास माणसांच्या चुका पकडणारा माणूस, त्याला स्वतःची चूक कुठे ठेवावी ते कळेना. मग म्हणाला की मास्तरांना फोन करून लवकर यायला सांगतो, उगाच चारपर्यंत कशाला ताटकळायचं.

भोक मोठं झालं तर पिस्टन मोठा करायचा, हे दोघांनाही समजत होतं. कोपऱ्यातल्या डब्यात बिडाचा एक तुकडाही होता. पण दोघांचीही नजर चष्म्याच्या डबीवर जाऊन परत येत होती. शेवटी फोरमनच बोलला, "हा काढून दुसरा घालायचा म्हणजे मग ते बाबांचं एंजिन कसलं?"

चहावर साय धरली.

आई वर खाटेवर बसली होती. मशीनचा आवाज थांबला, माप घेण्याइतका वेळ गेला, पुन्हा आवाज झाला नाही. चाळीस वर्षं ती हा आवाज भिंतीपलीकडून ऐकत आली होती. काम संपल्याची शांतता वेगळी आणि बिघडल्याची वेगळी, हे तिला त्या दोघांपेक्षा चांगलं कळत होतं. ती कठड्याला धरून उतरू लागली. एकेक पायरी, मध्ये देवाचं नाव, मध्ये गुडघ्याला शिवी. अकराव्या पायरीला वहिनी धावत आली. तिचा हात धरून आई खोलीत आली आणि तिने सगळं ऐकून घेतलं. वीस, दहा, चिठ्ठी, पिस्टन.

मग तिने उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. अंगठ्यात पोलादाची साधी अंगठी होती. पोरांनी ती जन्मापासून पाहिली होती. कणीक मळतानाही ती काढत नसे. आईची एक खोड, यापलीकडे कुणी तिचा विचार केला नव्हता.

"ही का अंगठ्यात घालते, विचारलंत कधी?"

फोरमनने मापाडीकडे पाहिलं.

"लग्नाच्या वर्षी केली त्यांनी, ह्याच मशीनवर. या बोटाचं माप दोऱ्याने घेतलं होतं." तिने करंगळीशेजारचं बोट दाखवलं. "आतलं भोक वाढवायला गेले आणि दहाचे वीस झाले. बोटात घातली तर हात खाली करताच पडायची. वितळवतो म्हणाले, दुसरी करतो म्हणाले, दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, द्या इकडे. अंगठ्यात बसली. मग त्यांनी ती चिठ्ठी लिहिली, आणि मी ही कधी काढली नाही." ती थांबली, दम घेतला. "मी बोट बदललं रे. अंगठी त्यांचीच राहिली."

फोरमन नाकाजवळून हात फिरवत उठला, कोपऱ्यातल्या डब्यातून बिडाचा तुकडा काढला, चकमधला सिलिंडर सोडवून तिथे बांधला आणि हँडलपासून दोन पावलं मागे झाला.

"धर," तो बहिणीला म्हणाला. "आकडे मी वाचतो."

अकरा वाजून गेले होते.

हँडल हातात आलं तेव्हा मापाडीला पहिल्यांदा जाणवलं ते त्याचं गुळगुळीतपण. बाबांच्या बोटांनी त्या मुठीला एका बाजूने खळगा पाडला होता. तिचं बोट त्या खळग्यात बसेना, लहान होतं. तिने जरा वर धरलं. तिथेही चाललं.

फोरमन माप सांगायचा आणि ती मोठ्याने अर्धं करायची. "चाळीस उतरायचेत." "चाळीसचे वीस, वीस फिरवते." "हं." "झाले वीस." वहिनीला दारात उभं राहून हे एखाद्या भजनासारखं वाटू लागलं, एकाने ओळ टाकावी आणि दुसऱ्याने उचलावी. तिने चहा दुसरा करून आणला, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी झाडणीने कीस बाजूला करत राहिली.

फोरमनला गप्प राहणं किती जड जात होतं ते देवाला ठाऊक. ती टूल बांधताना त्याचे हात तीनदा पुढे आले आणि तीनदा त्याने ते खिशात घातले. एकदा मात्र राहवलं नाही. कट अजून खोल चालेल, तो म्हणाला. मापाडी मान न वळवता म्हणाली की आकडे वाचणाऱ्याने आकडेच वाचायचे असतात, हे मला या खोलीत तीस वर्षं शिकवलंय. आई खुर्चीत बसून तोंडावर हात धरून हसली.

शेवटच्या कटाआधी तिचा हात जरासा सुटला. एक रेघ पुढे गेली. मापाडीने हँडल पूर्ण एक फेरा मागे नेलं आणि मग पुन्हा सावकाश पुढे आणून रेघेवर थांबवलं. त्या जुन्या स्क्रूला ढील होती. पुढे गेलेलं नुसतं रेघभर मागे घेतलं तर चकती मागे यायची, टूल तिथेच राहायचं. बाबांची शिस्तच होती, चुकलं की पुरता एक फेरा मागे जायचं आणि मग यायचं. माणसाचंही तसंच आहे, बाबांनो. रेघभर मागे सरकून आपण सुधारलो असं वाटतं, पण आतलं टूल हललेलं नसतं.

"वीस पूर्णांक एकोणीस," फोरमनने वाचलं. आता फक्त एक शतांश फट. बाकीचं काम घासण्याचं होतं, आणि तिथे त्या घरात मापाडीच्या वाऱ्यालाही उभं राहील असं कुणी नव्हतं. काचा घासणारे हात. तेलात कालवलेली पूड, मऊ कापड, पिस्टन भोकात जरा फिरवायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा. मग त्याला छिद्र पाडलं, आटे पाडले. बाबांच्या पिस्टनची दांडी सोडवून याला लावायची वेळ आली तेव्हा ती डबी वहिनीने उघडली. दांडी मापाडीने काढून घेतली. पिस्टन तिने वहिनीच्या हातात दिला, आणि वहिनीने तो पुसून पुन्हा मखमलीवर ठेवला.

साडेतीनला एंजिन बाकावर उभं होतं, पितळी चाकासकट. रबराची बारीक नळी जोडली. तेलाचा एक थेंब सोडला.

पहिला मान फोरमनचा. त्याने छाती भरून फुंकलं. चाक हिसका देऊन अर्धं फिरलं आणि मागे आलं. दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. मापाडीने फुंकलं. एक फेरा झाला, दुसऱ्यात चाक मेलं. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. पुन्हा फुंकलं. पुन्हा एक फेरा. फोरमन म्हणाला, थांबू नको, बसतंय ते. चौथ्यांदा, पाचव्यांदा. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तरी ती नळी सोडेना.

"इकडे दे," आई म्हणाली. "तुम्ही दोघं भांडल्यासारखे फुंकताय. दूध निववताना कसं फुंकतात?"

तिने नळी ओठांत धरली, बोटाने चाकाला हलका धक्का दिला आणि फुंकर घातली. जोर काहीच नाही. पण तुटतही नव्हती. चाक वळलं. एक फेरा, दोन, पाच. टुकटुक, टुकटुक असा आवाज यायला लागला, आणि चाकाच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. आईने नाकाने श्वास घेतला, गालांत साठवलेली हवा तोवर जात राहिली, आणि चाक थांबलं नाही. चाळीस वर्षं ज्या खोलीचा तिने दुस्वास केला तिथल्या एका लोखंडाच्या जिवाला ती श्वास देत होती. मापाडी त्या चाकाकडे पाहत उभी होती, हात काळे, आणि ते काळे हात तिने डोळ्यांना लावले त्याची खूण संध्याकाळपर्यंत गालावर होती.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चार.

फोरमन बाहेर गेला. मास्तर दोन माणसं आणि दोरखंड घेऊन आले होते. त्याने त्यांना आत आणलं, एंजिन दाखवलं, झालेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मास्तर भला माणूस, म्हणाले की मग राहू दे लेथ, आम्ही रिकामे जातो.

"रिकामे कशाला," फोरमन म्हणाला. तो पुढच्या खोलीच्या दारात उभा राहून सोफ्याकडे बघत होता. "शाळेत मास्तरांना बसायला काय आहे?"

मास्तर म्हणाले, बाकडी.

"अहो," वहिनी एवढंच म्हणाली. पण तिचा आवाज अडवणारा नव्हता.

फोरमनने लेथच्या खणातून पेचकस घेतला आणि खिडकीची चौकट सोडवायला लागला. सोफा बाहेर काढताना अडला. तिरका केला तरी अडला. मापाडी टेप घेऊन आली, माप घेतलं आणि म्हणाली, एका बाजूने चार बोटं कमी पडतायत. फोरमन घामाघूम होता. म्हणाला, "चार म्हणजे चारच ना? का दोन?" त्यावर दोरखंड धरलेली माणसं सोडून सगळं घर हसलं. मास्तरांना ती गोष्ट नुकतीच कळली होती, ते सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त हसले. शेवटी सोफ्याचे पाय काढले आणि तो गेला. त्या संध्याकाळी आईची खाट पुढच्या खोलीत लागली, भिंतीला लागून. भिंतीपलीकडे लेथ होती. आवाज पहिल्यासारखाच यायचा.

चिठ्ठी नवीन लिहिली गेली, वहिनीच्या हातची, ठळक, पाढ्यासारखी. मशीनच्या कपाळावर ती आजही आहे. दर रविवारी मापाडी हँडलशी असते, आणि फोरमन आकडे वाचतो, कुरकुरत.

आता उठण्याआधी एवढं करा. आज ना उद्या तुमच्याही हातून काहीतरी दुप्पट कापलं जाईल. तेव्हा जुन्या मखमलीवर ठेवलेला तो आरशासारखा पिस्टन मनात आणा, आणि ज्याने तो केला त्याची आठवण काढा. स्वतःची चूक त्याने पुसली नाही. दोन शब्दांत लिहून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावून ठेवली, आणि एक अंगठी आयुष्यभर बायकोच्या अंगठ्यात पाहत राहिला. त्याला विसरू नका.